सहा वाजताचा चहा

वृत्तपत्राच्या डेस्कवरची नोकरी सुटल्यावर मी हुडकेश्वरच्या एका छोट्या संस्थेत व्यवस्थापक म्हणून लागलो. संस्थेचं काम एकच. कळमन्याच्या बाजारात लिलावानंतर उरलेली भाजी व्यापारी देत. ती पहाटे गाडीनं आमच्या शेडमध्ये यायची, निवडली जायची आणि आठला सक्करदऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहाकडे निघायची. निवडायला दहा-बारा बायका येत. सगळ्या जवळपासच्या, बिनपगारी, बहुतेक पन्नाशीपुढच्या.

त्या सहाला येत आणि साडेसहापर्यंत चहा पीत. भाजी समोर पडलेली आणि या गप्पा मारतायत, हे मला पाहवेना. डेस्कवर आधी पान छपाईला सोडायचं आणि मग चहा, अशी सवय होती. दुसऱ्याच आठवड्यात मी तक्ता लावला. आल्या क्रमानं टेबलं, साडेसातपर्यंत काम, चहा त्यानंतर.

कुणी विरोध केला नाही. एकीनं तक्ता वाचला आणि शेजारणीला म्हणाली, "काहून वं, शाळा सुरू झाली का?"

पहिल्या दिवशी गाडी आठ वाजून वीस मिनिटांनी सुटली. दुसऱ्या दिवशी आठ चाळीसला. मला वाटलं, उत्साह कमी पडतोय. तिसऱ्या दिवशी मी संस्थेच्या उद्दिष्टांवर भाषण दिलं. ते सहा मिनिटं चाललं. गाडी त्या दिवशी आठ सेहेचाळीसला निघाली.

दुपारी वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंचा फोन आला. "सर, पोरी साडेदहाले जेवून कॉलेजात जातात. आज वरणभातावर गेल्या. उद्या बी असंच झालं तर मी बाहेरून भाजी लावते, मंग तुमची नको."

भाजी घेणारं दुसरं ठिकाण आमच्याकडे नव्हतं. ते बंद झालं असतं तर शेडही बंद झाली असती. संध्याकाळी मी बायकांमधल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईंच्या घरी गेलो. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. उशीर का होतो, असं विचारलं.

"तुम्ही चहा मागे नेला म्हणून."

"चहानं काम लवकर कसं होईल?"

"अरे बाप्पा! चहा पेता पेताच आम्ही कामं वाटून राहतो ना, सर."

"मला तर नुसत्या गप्पाच दिसल्या."

"गप्पाच असते. त्यातूनच समजते, आज कोणाची कंबर धरली, कोणाले लवकर जायचं आहे. कंबरवालीले सांभार द्यायचा, म्हणजे तुमची कोथिंबीर, बसल्या बसल्या निवडते. तुम्ही तिलेच कोबीचे पोते दिले उचलाले. अन् जिचं सुनेशी वाजलं असन तिले सडक्या टमाटराचे क्रेट. राग बी निघते, काम बी होते."

तांदळातला खडा त्यांनी अंगणात फेकला. "परवा त्या सुनेवालीले तुम्ही मेथी दिली. अर्धी मेथी तिनं देठासारखी फेकली."

त्या बायकांच्या वाटपात चूक काढायला मला काही सापडलं नाही. मी तसं सांगितलं. "हाव," त्या म्हणाल्या, "आता जा, उद्या सहाले दूध जास्त आणा."

दुसऱ्या दिवशी मी तक्ता काढून टाकला. चहाच्या घोळक्यात मीही कप घेऊन उभा राहिलो. एकीचा दात दुखत होता, एकीच्या घरी पाहुणे येणार होते. दहा मिनिटांत प्रत्येकीची जागा ठरली. शेवटी एकीनं विचारलं, "अन् सर?"

"सर उभे राहून पाहतात. पाहिलं का माहा हात थांबते," दुसरी म्हणाली.

"मंग त्यायले गाडीवर पाठवा," वडीलधाऱ्या बाईंनी निकाल दिला. "पोते उतरवतीन."

आठला पाच कमी असताना गाडी सुटली. मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. सक्करदऱ्याला पोती मीच उतरवली. स्वयंपाकीणबाईंनी घड्याळ पाहिलं, मग पालकाची एक जुडी उलटीसुलटी करून पाहिली. पालक साफ होता.

"आज सोताच आले?" त्या म्हणाल्या. "तिकडं काम नव्हतं का तुम्हाले?"

"नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी विळी ओढली आणि पालक चिरायला घेतला.