पोच म्हणून लावलेले कागद

कचेरीतल्या लोकांना मशीन कळत नाही, याचा मला कधी राग आला नाही. डोकं फिरायचं ते त्यांच्या ऐटीने. पंधरा वर्षं मी चंद्रपुरातून मोटारसायकल काढून गोंडपिपरी, कोरपना, माजरी असा हिंडलो, कॉपियर दुरुस्त करत. अब्बा टाइपरायटर सुधरवायचे, मी कॉपियर. प्रत्येक कचेरीत एक बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, असायचे, आणि प्रत्येक बडे बाबूला वाटायचं की मशीनवर टॉवेल झाकला आणि वर लिंबू-मिरची टांगली की देखभाल झाली.

गोंडपिपरीकडची एक कचेरी तर या सगळ्यांच्या वरताण. तिथलं कॉपियर म्हणजे मोठ्या शहरातल्या कुठल्या तरी ऑफिसने काढून टाकलेलं धूड. कागद वर ठेवला आणि बटण दाबलं की तो थेट ई-मेलने जिल्ह्याला जायचा, एवढी एक करामत त्याच्यात होती. ती पाहून जिल्ह्याचे साहेब असे हरखले की त्यांनी फर्मानच काढलं, यापुढे अर्ज हातोहात आणू नका, मेलनेच पाठवा. वा रे साहेब! ज्या गावात दुपारी वीज टिकायची मारामार, तिथे मेल.

मग दोन हजार आठ-नऊच्या सुमारास मेल पोचवणाऱ्या कंपन्यांनी नियम बदलला. आधी मेल पोस्टकार्डासारखा उघडा जायचा. आता ते म्हणायला लागले, पासवर्ड सांगा, कुलूप लावून द्या, तरच घेऊ. त्यांचं बरोबरच होतं. पण आमच्या धुडाला कुलूप लावायची अक्कलच नव्हती, बनवणाऱ्याने दिलीच नव्हती. नियम बदलल्याची इंग्रजी नोटीस कचेरीच्या मेलवर आली होती. ती कोणी वाचली नाही, हे सांगायलाच नको.

त्याच दिवसांत बडे बाबूंचा फोन आला. "भाऊ, मेल केला का मशीन एक कागद जास्तीचा काढून राह्यली. काय करू त्याचं?"

मी माजरीला एका मशीनच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. म्हटलं, "रिपोर्ट आहे तो. फायलीला लावून ठेवा." आणि फोन कापला. कागद आला तरी घाबरतात, नाही आला तरी घाबरतात, असली ही जात.

महिन्याभराने पुन्हा फोन. "आपला मेल पोचून नाई राह्यला म्हणते जिल्हा. या बरं लवकर."

गेलो. कचेरीच्या बाहेर बाकावर एक बाई बसली होती. ती जवळच्या गावच्या मासेमारांच्या सोसायटीची अध्यक्ष होती. गावचा तलाव दर काही वर्षांनी सोसायटीला ठेक्याने मिळायचा, त्यासाठी मुदतीत अर्ज जावा लागायचा. बाईने अर्ज वेळेत इथे आणून दिला होता. पण जिल्ह्याची यादी लागली आणि तिच्यात त्यांचा तलाव नव्हता. आता बाहेरचा ठेकेदार लिलावात उतरणार. साहेबांनी एवढीच सूट दिली होती की मुदतीत पाठवल्याची पोच उद्या सकाळपर्यंत दाखवा, नाव घालतो.

"चाळीस घरं हायेत भाऊ आमची त्या तलावावर," ती म्हणाली. "तलाव गेला तं आमी कुठी जाऊ? बाबू म्हणते पोच हाये म्हणून. खरंच हाये ना?"

"बाबू म्हणतात तर असेलच," मी म्हटलं आणि आत गेलो.

बडे बाबूंचा चेहरा असा, जणू घरी लग्नकार्य आहे. कपाटातून त्यांनी एक जाडजूड फाईल काढली. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: मेलची पोच. प्रत्येक कागदाला नीट भोकं पाडलेली, कोपऱ्यात गोल शिक्का, खाली बाबूंची सही, जावक क्रमांक. मी पहिला कागद वाचला. दुसरा वाचला. मग नुसतेच उलटत गेलो.

पत्र जाऊ शकलं नाही, असं सांगायला मशीन तो कागद काढत होती. इंग्रजीत, तारीख आणि वेळ टाकून, दर खेपेला. महिनाभर एकही मेल गेला नव्हता, आणि न गेल्याचे सगळे पुरावे या माणसाने शिक्के मारून, अनुक्रमे लावून जपले होते. अरे देवा! मला हसू आलं, आणि मी ते दाबलंही नाही.

"बाबू, ही पोच नाही. गेलं नाही, असं लिहून आहे याच्यावर. प्रत्येकावर. इंग्रजीच्या दोन ओळी वाचता येत नाहीत तर शिक्के कशाला मारता हो?"

बाबूंनी आधी दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मले इंग्रजी येत नाई भाऊ. म्हणून तं तुमाले फोन लावला होता. तुमीच म्हटलं ना, रिपोर्ट हाये, फायलीले लावा."

फोनवर 'त्यावर काय लिहिलंय' एवढं विचारलं असतं तर तेव्हाच सगळं कळलं असतं. मी विचारलं नव्हतं. मी मशीन उघडली.

कोपऱ्यात टायपिंगचा एक जुना कॉम्प्युटर होता. तो मध्ये बसवला. मशीनने कागद उघडाच कॉम्प्युटरला द्यायचा, तेवढी वायर खोलीच्या आतच. मग कॉम्प्युटरने पासवर्ड सांगून, कुलूप लावून पुढे पाठवायचा. कचेरीबाहेर झाडाखाली बसून दुसऱ्याचे अर्ज लिहून देणारा माणूस असतो ना, तसा. चार वाजता पहिला मेल गेला. जास्तीचा कागद निघाला नाही. पण अर्जाची मुदत गेली ती गेलीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे साहेबांसमोर उभे. मी रात्रभर भाषण जुळवलं होतं. हा कागद पोच नाही, पण मुदतीत पाठवायचा प्रयत्न झाला होता याचा पुरावा आहे. चूक बाईंची नाही, मशीनची आहे. आणि माझी, हे सांगायचं की नाही ते मात्र ठरत नव्हतं.

बाबूंनी कागद पुढे केला. साहेबांनी तारीख पाहिली, मग शिक्का पाहिला. इंग्रजीच्या ओळींवरून त्यांची नजर अशी सरकली, जशी रस्त्यावरच्या भिकाऱ्यावरून सरकते.

"आहे की पोच! मग एवढे दिवस काय झोपले होते? फाईल कोण सांभाळतं?"

"मी, साहेब," बाबू म्हणाले.

साहेबांनी त्यांना बाईसमोर यथेच्छ झापलं, आणि यादीत तलावाचं नाव लिहिलं. मी तोंड उघडलं नाही. ज्यांनी मेलचं फर्मान काढलं, त्यांना मेल म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. इतका बिनडोक माणूस एवढ्या मोठ्या खुर्चीत, आणि त्याच्या बिनडोकपणामुळे चाळीस घरं वाचली. थू!

पुढच्या महिन्यात त्या कचेरीत गेलो तर बाई वाट पाहत होती. पळसाच्या पानांत बांधलेले मासे तिने माझ्या हातात दिले. "तुमी शिकलेले, तुमाले समजते, म्हणून तलाव राह्यला भाऊ. बाबूच्या भरवशावर असतो तं गेलाच होता."

बडे बाबू दारातच उभे होते. आता त्या फोनचं सांगतात, असं मला वाटलं, आणि सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं.

"हो ना," बाबू म्हणाले, "भाऊच होते म्हणून झालं."

मग ते आत गेले आणि मशीनवरचा टॉवेल काढायला लागले. मी मासे घेतले. घरी सगळ्यांनी खाल्ले, मी सोडून.