घडणकाकांचा रुमाल

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कारखान्यांची गणती नाही आणि माल तपासणाऱ्या माणसांचीही नाही. पण ‘माझ्यात काय दोष आहे तेवढं सांगा हो’ म्हणून लोकांच्या मागे लागणारा माणूस या अख्ख्या पट्ट्यात एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे घडणकाका. चाळीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कंपनीत तपासनीस म्हणून काढली. हातात मोजमापाचं व्हर्नियर आणि खिशात तीन रंगांच्या चिठ्ठ्या. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्तीला परत, लाल म्हणजे भंगार. निवृत्त झाले तेव्हा कंपनीने घड्याळ दिलं आणि व्हर्नियर ठेवून घेतलं. तपासायची सवय मात्र कुणाला काढून घेता आली नाही. समोर यायला नटबोल्ट उरले नाहीत, तेव्हा काकांनी ती सवय सरळ स्वतःवर वळवली.

आमचा संघ छोटा आहे. संत फ्रान्सिसच्या वाटेने चालू पाहणाऱ्या संसारी माणसांचा. आम्ही मठात राहत नाही, झगा घालत नाही. कुणी वेल्डर आहे, कुणी स्कूलबस चालवतो, आणि आमच्या प्रमुख बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स आहेत. गळ्यात लाकडी क्रूस आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बैठक, एवढीच आमची ओळख. नव्या माणसाला या वाटेने जन्मभर चालण्याचं वचन देण्याआधी काही वर्षं तयारी करावी लागते. तिला आम्ही घडण म्हणतो. ती बघायचं काम काकांकडे, म्हणून ते घडणकाका. त्यांचं खरं नाव संघाच्या वहीत आहे आणि ते तिथेच सुरक्षित आहे.

काकांचं एक ठाम मत होतं, की घडण एकट्या शिकवणाऱ्याची नसते, सगळ्यांनी सगळ्यांना घडवायचं असतं. आता असं मत पुष्कळांचं असतं. पण काकांच्या ‘सगळ्यां’मध्ये खरोखर सगळे यायचे. काळेवाडीच्या बाजारातल्या भाजीवालीला त्यांनी एकदा हात जोडून विचारलं, “ताई, माझं काही चुकत असेल तर सांगा.” ती म्हणाली, “भेंडी मोडून मोडून बघता आन् घेता पावशेर, ते बंद करा आधी.” काकांनी तिथल्या तिथे वही काढून टिपलं, पिवळी चिठ्ठी डकवली, आणि त्या दिवसापासून भेंडी न मोडता आणू लागले. पुढे वर्षभर काकूंनी दोरखंडासारखी भेंडी शिजवली. “ह्यांची घडण होतीय आणि दात माझे पडतायत,” असं त्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाल्या. काकांनी तेही टिपलं. बसच्या कंडक्टरला त्यांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा तो म्हणाला, “काका, दोष एकच, दारात उभे आहात. पुढे सरका.” काका पुढे सरकले आणि उतरेपर्यंत त्याचे आभार मानत राहिले.

आमच्याकडे सगळे एकमेकांना भाऊ म्हणतात, त्यामुळे काका सगळ्या जगाला भाऊ आणि बहीण म्हणतात यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वाटायचं ते स्कूटर सुरू होताना. तिला ते “चल गं बहिणी” म्हणायचे आणि लाथ मारायचे. मग खाली उतरून माफी मागायचे आणि पुन्हा मारायचे.

त्यांच्याजवळ कायम एक भला मोठा पांढरा रुमाल असे, चार घड्या घालून इस्त्री केलेला. त्याने ते हॉलच्या खुर्च्या पुसत. खुर्च्या मांडायला तासभर आधी येत, सगळ्या एकटेच मांडत, चहाचं पातेलं एकटेच चढवत, आणि आम्ही पोचल्यावर घाम पुसत उभे राहून सांगत, “मंडळी, जबाबदारी सगळ्यांची असते!” कुणी खुर्चीला हात लावला की म्हणत, “तुम्ही बसा हो, मी आहे ना.”

आणि माणूस बोलता बोलता शब्दासाठी अडला, की तो शब्द काकांकडे तयार असे. फादर प्रवचनात जरा परिणाम साधायला थांबायचे, “...आणि देवाने आपल्याला काय दिलं? आपल्याला दिली...” की तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज यायचा, “क्षमा!” फादरांच्या मनात ‘आशा’ असायची. शेवटी फादरांनी थांबणंच सोडून दिलं. आमच्या चर्चमधली प्रवचनं लहान आहेत त्याचं श्रेय लोक फादरांना देतात, पण ते काकांचं आहे.

मी या माणसाच्या हाती लागलो तो चर्चच्या पायरीवर. जालन्याकडच्या आमच्या गावातून आठवीत शाळा सोडून मी निघालेला, चाकणला पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कंत्राटावर लागलेला. कंत्राट अकरा महिन्यांचं. ते संपलं त्या रविवारी मी मिस्सेनंतर पायरीवरच बसून राहिलो, कारण उठून कुठे जायचं ते ठरत नव्हतं. काका शेजारी येऊन बसले. “कुठली कंपनी?” मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “सुटली.” मग स्कूटरवर बसवून घरी नेलं, काकूंकडून जेवू घातलं आणि माझा नोकरीचा अर्ज स्वतः भरला. सगळे रकाने भरले. ‘छंद’ या रकान्यात त्यांनी ‘वाचन’ लिहिलं. मला जोडाक्षर दिसलं की घाम फुटतो हे तोवर त्यांना माहीत नव्हतं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, “काय वाचता?” मी घाबरून खरं बोललो, “बसचे बोर्ड.” साहेब एवढे हसले की नोकरी मिळाली. चिखलीतली खोलीही काकांनीच बघून दिली. ते नसते तर मी पहिल्याच वर्षी गावाकडची एसटी धरली असती.

तेव्हा त्यांच्यामागून मी संघात आलो, आणि मग वचन द्यायची ओढ लागली. का, ते सांगतो. शाळेच्या पटावर माझं नाव अर्ध्यात कटलं होतं. कंपन्यांच्या रजिस्टरात ते अकरा महिन्यांवर कधी टिकलं नाही. आणि इथे वचन होतं जन्मभराचं. मला एका तरी वहीत कायम व्हायचं होतं. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हंजी आता काढीत नाहीत ना तुला?” ऑक्टोबरात संत फ्रान्सिसच्या सणाला आमच्याकडे वचनं होतात, तेव्हा ती येणार होती. गावभर सांगूनही झालं होतं.

पण मध्ये काकांचा नियम होता. जानेवारीच्या बैठकीत स्टीलच्या डब्यातून प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. ज्याचं नाव येईल त्याची घडण वर्षभर आपल्याकडे. त्याच्यासाठी प्रार्थना करायची, महिन्यातून एकदा भेटायचं, आणि सणाच्या आत त्याचा एक खरा दोष त्याला तोंडावर, मायेनं सांगायचा. काय सांगितलं ते कुणी विचारत नसे, पण ज्याने सांगितलं नाही त्याचं वचन पुढच्या वर्षावर. “भावाला खरं सांगता येत नाही, तो देवाला काय सांगणार?” असं काका म्हणायचे.

मी चिठ्ठी उचलली. ती मला वाचता येईना, म्हणून मी प्रमुख बाईंना दाखवली. बाईंनी वाचली आणि “अगं बाई!” म्हणून तोंडावर हात धरला. चिठ्ठीवर काकांचंच नाव होतं.

“बदलून घ्या दुसरी,” बाई म्हणाल्या. “बिचाऱ्याला कशाला अडचणीत टाकता!”

“चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी,” काका म्हणाले, आणि मला दोन्ही हात जोडले. “आजपासून माझी घडण तुमच्याकडे, बंधू.” तोवर मला अरे-तुरे करणारा माणूस त्या दिवसापासून अहो-जाहो करू लागला. मला तिथेच रडू यायचं बाकी होतं.

मग दर महिन्याला एका शनिवारी, माझी पहिली शिफ्ट सुटली की काका चिखलीच्या खोलीवर हजर. चप्पल बाहेर काढायची, रंगाच्या उपड्या बादलीवर बसायचं, मांडीवर वही. “बोला. काय आढळलं?” माझ्या खोलीतला जोडीदार आधी समजला, विम्याचे एजंट आहेत. नंतर म्हणाला, “भावा, तुझं लग्न जमवायला येतो का रे हा म्हातारा? आन् दर वेळी तू मान खाली घालून का बसतो? पोरगी काळी-सावळी हाय का?” काकांना मी काय सांगणार? ज्यांनी पायरीवरून उचललं त्यांचे दोष काढायचे? फेब्रुवारीत मी म्हटलं, “काका, तुम्ही चहात साखर जास्त घेता.” त्यांनी लिहिलं, ‘किरकोळ’. मार्चमध्ये म्हटलं, “स्कूटरला इंडिकेटर लावत नाही.” ‘किरकोळ.’ मेमध्ये “तुमच्यात दोषच नाही” म्हणून बघितलं. काका दुखावले. “बंधू, चाळीस वर्षांत बिनदोष नग मी पाहिला नाही. तपासायचा कंटाळा केलेले नग मात्र ढिगाने पाहिले.”

दोष मला माहीत होता. खरं तर पहिल्यापासून माहीत होता. बैठकीत पाळीपाळीने बायबलमधलं शुभवर्तमान वाचायचं असे. माझी पाळी आली की मी उभा राहायचो, पहिलं जोडाक्षर यायचं, मी अडायचो, आणि मागून काकांचा आवाज यायचा. पुढचं जोडाक्षर, पुन्हा काका. एकदा बाहेरून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, “तुमच्याकडे दोघं मिळून वाचतात का? छान पद्धत आहे.” मी मान हलवली आणि घरी येऊन जेवलो नाही.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार आला. काका बादलीवर बसले, पण वही उघडली नाही. “आज नाही सांगितलंत तर तुमचं नाव मला पुढच्या वर्षी ढकलावं लागेल. आई येतेय तुमची, मला ठाऊक आहे. पण नियम मीच केला, मीच कसा मोडू?”

मी म्हणालो, “काका, तुम्ही मला... मला...”

“रागावतो?”

“नाही. तुम्ही मला...”

“कमी लेखतो?”

“नाही हो! तुम्ही...”

“घाई करतो? जास्त बोलतो? जुन्या गोष्टी उगाळतो?”

“अहो, बोलू द्या ना मला!” मी ओरडलो.

पलीकडच्या वर्कशॉपमधलं ग्राइंडर तेवढ्यात बंद झालं, त्यामुळे ते सगळ्या गल्लीने ऐकलं. मग मी खालच्या आवाजात बोललो, आणि थांबत थांबत बोललो, कारण पहिल्यांदाच कुणी मधे बोलत नव्हतं. “हाच. हाच दोष आहे. तुम्ही मला अडखळू देत नाही. शाळेत मी अडलो की मास्तर म्हणायचे, बस खाली, आणि पुढच्या पोराला उठवायचे. तुम्ही मायेनं करता. पण काका, शब्द तेव्हाही माझा राहत नव्हता, आताही नाही राहत.”

काकांनी वही उघडली. बराच वेळ लिहीत होते. मग खिशातून पिवळी चिठ्ठी काढून त्या पानावर लावली, रुमालाने डोळे पुसले, आणि चहा न घेता निघून गेले. जिन्याखालून त्यांचा आवाज आला तो स्कूटरला घातलेल्या हाकेचा, तोही हळू. मी आठवडाभर झोपलो नाही. दोष सांगितला होता, वचन नक्की झालं होतं, आणि माणूस गमावला असं वाटत होतं. दोनदा पिशवी भरली, दोनदा रिकामी केली.

सणाच्या दिवशी आई पुढच्या बाकावर, नव्या लुगड्यात. तिच्या शेजारी काकू, मग काका, मग प्रमुख बाई. वचन मी वाचायचं होतं, एकट्याने. सुरुवात बरी झाली. मग आला तो शब्द. ‘प्रायश्चित्त’. आमच्या भाषेत एवढी माणसं गुण्यागोविंदाने राहतात, मग अक्षरांनी असं एकमेकांच्या उरावर का बसावं कळत नाही. “प्रा... प्राय...” मी थांबलो. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. सवयीने मी काकांकडे बघितलं.

काकांच्या तोंडात तो भला मोठा पांढरा रुमाल होता. अख्खा. चेहरा लाल, डोळे बाहेर आलेले, दोन्ही हातांनी बाक घट्ट धरलेला, आणि नर्स असलेल्या बाई त्यांची नाडी बघत होत्या. एकदा ‘प्रायचित’ झालं. मी परत मागे गेलो. कुणी हूं की चूं केलं नाही. आणि दुसऱ्या खेपेला तो शब्द आला, शेवटच्या ‘त्त’सकट, माझ्याच तोंडातून. तिथून शेवटपर्यंत मी कुठे अडलो आणि कुठे नाही ते मला आठवत नाही. मिस्सा संपल्यावर काका मला मिठी मारायला आले, घाईघाईने रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर वरची कवळीही बाहेर आली. “ह्याला म्हणतात घडण!” असं ते म्हणाले असावेत. आईने मला हळूच विचारलं, “हे बाबा कुठल्या गावचे? बोलणं काही कळंना, पण मानूस लई मायेचा दिसतो.”

त्याला बरीच वर्षं झाली. मी पुढे खरंच वाचायला लागलो. अर्जातला छंद उशिरा का होईना खरा झाला. हॉलच्या खुर्च्या आता आम्ही सगळे मांडतो, काका बघत बसतात आणि त्यांना ते अजिबात आवडत नाही. अलीकडे त्यांना शब्द सापडेनासे झालेत. काकूंना हाक मारताना थांबतात. स्कूटर विकली, पण तिला काय म्हणायचे ते विचारलं तर हसतात नुसते.

तरी दुसऱ्या रविवारी ते उभे राहतात. “मंडळी,” म्हणतात, “घडण ही सगळ्यांची...” आणि थांबतात. पुढचा शब्द हॉलमध्ये प्रत्येकाला पाठ आहे, दारातल्या वॉचमनलासुद्धा. मी मागच्या रांगेत असतो. खिशात हात घालतो, रुमाल काढतो आणि तोंडात धरतो. पंखा फिरत असतो. काका खिडकीकडे बघतात, मग हातांकडे, मग आमच्याकडे. वेळ लागतो. मागच्या खेपेला फार लागला. पण आम्ही थांबतो, आणि अजून तरी, तो शब्द येतो.