लाल गोलातला माणूस

नव्वदच्या दशकात मी शारजात एका हवाई फोटोग्राफरचा मदतनीस होतो. बांधकाम कुठवर आलं याचे वरून काढलेले फोटो बिल्डरला दर महिन्याला लागायचे. दार काढलेल्या हेलिकॉप्टरमधून फोटोग्राफर अर्धा बाहेर झुकायचा आणि मी मागे बसून त्याच्या हातात फिल्म द्यायचो. 'विमानातली नोकरी' असं मी घरी कळवलं होतं. भीतीने डोळे मिटून करतो, हे कळवलं नव्हतं.

उम्म अल कुवैनच्या एका साइटवर रत्नागिरीकडचे बरेच गवंडी होते. आदल्या दिवशी जाऊन मी वेळ सांगून आलो. त्यांनी त्यातलं 'फोटो निघणार' एवढंच ऐकलं. सकाळी आम्ही घिरट्या घालू लागलो, तर खाली काम बंद आणि सगळी मंडळी भांग पाडून, ठेवणीतले शर्ट घालून स्लॅबवर रांगेत उभी. मधोमध फोरमन. आमचा केरळी फोटोग्राफर कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "ये लोग शादी में आया है क्या?"

फोटोत कुणीच काम करत नाही म्हणून बिल्डरने तो नाकारला आणि बोलणी मी खाल्ली. ती नाकारलेली प्रिंट मागायला एक गवंडी आमच्या ऑफिसात आला. तीन वर्षांत तो घरी गेला नव्हता. पोराचं तिकडे काहीतरी बिनसलंय आणि तो लपवतोय, या काळजीने आईने जेवण कमी केलं होतं. मागे त्याने स्टुडिओतला फोटो पाठवला होता, बर्फाच्या डोंगरांच्या पडद्यापुढे, कोट घालून. कोट कुणाचा, असं आईने उलट विचारलं होतं. आता खऱ्या कामावरचा फोटो हवा होता.

प्रिंटमध्ये माणसं मोहरीएवढी. रांगेत आपण कुठे होतो हे त्यालाही आठवेना, कारण हेलिकॉप्टर दिसताच सगळ्यांनी जागा बदलल्या होत्या. मी भिंग लावून, जाणकाराचा चेहरा करून बराच वेळ बघितलं आणि एका ठिपक्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला. "हा तू," मी म्हणालो. खरं तर अंदाजपंचे. त्याने हात जोडले, तेव्हा जरा ओशाळलो.

दीड महिन्याने तो आईचं पत्र घेऊन आला आणि हसत माझ्यापुढे धरलं. कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. 'साहेबांना सांग, गोल चुकला. तू टाकीजवळ आहेस. सावली बघ. डावा हात कमरेवर ठेवून तुझे बाबा उभे राहायचे, तसा उभा आहेस. आता मी जेवते.'

मी कपाटातून दुसरी प्रिंट काढली, भिंग लावलं. टाकीजवळच्या ठिपक्याची सकाळच्या उन्हातली लांब सावली स्लॅबवर पडली होती, कोपर बाहेर काढून. इतके महिने असले फोटो बघत होतो, आणि सावल्यांकडे मी कधी बघितलंच नव्हतं. मला माझी लाज वाटली.

मान वर केली. डावा हात कमरेवर ठेवून तो माझं बघून व्हायची वाट बघत उभा होता.