कडीचा डबा

ह्यांचे कान गेले तसा माझा आवाज वाढला. लोक मला भांडकुदळ म्हणतात. आहेच मी भांडकुदळ, पण त्यातलं निम्मं श्रेय ह्यांच्या कानांना द्यायला हवं. कानात मशीन घाला म्हटलं की म्हणतात, वाऱ्याचाच आवाज येतो त्यात.

वारा तिथे समुद्रकाठी होताच म्हणा. साताऱ्याची थंडी ह्यांच्या छातीला सोसत नाही, म्हणून मुलगा आम्हाला हिवाळाभर दुबईला नेतो. आधी आम्ही अल बर्शातल्या त्याच्या फ्लॅटमध्येच राहायचो. दोन खोल्या, दोन नातवंडं, त्यांचे क्लास, सुनेच्या घरून चालणाऱ्या मीटिंगा आणि त्यात ह्यांचा खोकला. कुणी काही बोललं नाही हो. पण गेल्या हिवाळ्यात मुलाने गावाबाहेर समुद्रकाठी एका कॅम्पमध्ये आमच्यासाठी कॅराव्हॅन भाड्याने घेतली. चाकांवरचं घर. आत पलंग, छोटा ओटा आणि मी एकदा वळले की भरून जाईल एवढं न्हाणीघर. "आई, मोकळी हवा आहे, बाबांना बरं वाटेल. वीकेंडला आम्ही येऊच," मुलगा म्हणाला. मी म्हटलं, छान आहे. दुसरं काय म्हणणार?

शनिवारी ते यायचे. मी थालीपीठ लावायचे. नातू दारातूनच म्हणायचा, "आज्जी, इट्स टू सँडी." नात गाडीत बसून मोबाइल बघायची. संध्याकाळी मुलगा "यल्ला, यल्ला" करत सगळ्यांना गाडीत भरायचा की मग पुढच्या शनिवारपर्यंत आम्ही दोघं आणि समुद्र. हे खुर्ची टाकून लांबची जहाजं बघत बसायचे. "आज दोनच आहेत." "हं." झालं आमचं बोलणं. मला एकटं वाटायचं. सरळच सांगते, नवरा समोर बसलेला असताना वाटायचं. तसं वाटलं की मी भांडी घासायला काढायचे, घासलेली असली तरी.

ऊन मात्र पहिल्या प्रतीचं. डिसेंबरात आपल्याकडच्या चैत्रासारखं. एवढं ऊन फुकट जातंय हे काही माझ्याने बघवेना. एक दिवस साबुदाणा शिजवला आणि घडीच्या टेबलावर चादर अंथरून पापड्या घातल्या. ह्यांना राखणीला बसवलं. दुपारी वारा सुटला आणि चादरीचं टोक उडायला लागलं. मी आतून ओरडले, "अहो, पापड्या! चादर धरा! ऐकू येतंय का?" ह्यांचं लक्ष जहाजाकडे. पुन्हा ओरडले, आणखी मोठ्याने. तेवढ्यात शेजारच्या कॅराव्हॅनमधून हसू ऐकू आलं. "त्यांना नाय येत ऐकू. मला येतंय. आल्यापासून सगळं ऐकतंय मी!"

मी चादरीचं विसरून तशीच उभी राहिले. मराठी! इथे, वाळूत!

खिडकीत पांढरी ओढणी घेतलेली एक म्हातारी होती. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. मूळची रत्नागिरीकडची, लग्न होऊन इकडे आली ती इथलीच झाली. नवरा गेलेला. श्वासाचा त्रास होता म्हणून मुलाने तिला समुद्राच्या हवेला आणून ठेवलं होतं. तो सकाळी तिथूनच कामावर जायचा आणि दिवे लागल्यावर परत यायचा. दिवसभर तीही माझ्यासारखीच. मी तिला आपा म्हणायला लागले, ती मला बाय म्हणायची. नाव तिनेही विचारलं नाही, मीही नाही. आमच्या पिढीत कोण विचारतं?

पापड्यांत वाळू गेली ती गेलीच. तरी वाळल्यावर चार बऱ्या निवडून तळल्या आणि कडीच्या डब्यात घालून आपांकडे नेल्या. हा डबा माझ्या लग्नात मावशीने दिलेला. झाकणावर 'सप्रेम भेट' कोरलंय. इतकी वर्षं मी जाईन तिथे तो असतो. आपांनी पापडी खाल्ली आणि म्हणाल्या, "कराकरा वाजते गो. साबुदाण्याची की वाळूची?" मी म्हटलं, "दोन्हीची. फुकट आहे, खा गुमान."

दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो सांदणांनी भरून. झालं, तिथून सुरू झालं. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे मला आईने शिकवलं आणि त्यांना त्यांच्या आईने. काही नसलं घरात तर चिमूटभर साखर घाल, पण रिकामा देऊ नको. आता दोघीही त्याच वळणाच्या म्हटल्यावर थांबणार कोण? मी शेंगदाण्याची चटणी पाठवली की तिकडून खजूर. मी डाळिंब्यांची उसळ दिली की तिकडून घावणे. मग त्यांनी दह्याचा एक पांढरा प्लास्टिकचा डबाही यात उतरवला, म्हणजे एक जातोय आणि एक येतोय. डबा हातात आला की झाकण तिथेच उघडायचं आणि नाक खुपसायचं, हा आमचा नेम. हे म्हणायचे, "तुम्ही दोघी एकमेकींना खायला घालून मारणार आहात."

ह्यांचे वार असतात. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी मासे-मटण नाही. आपांना ते माझ्याहून पाठ झालं. खिडकीतून विचारायच्या, "बाय, आज गुरुवार ना? मग बांगडा नाय देत, तुमच्या ह्यांना शिरा देतंय." मला स्वतःला वारांची शुद्ध नसायची. तिथे सगळे दिवस सारखेच. आपांनी विचारलं की कळायचं, आज गुरुवार.

संध्याकाळी आम्ही दोघी पायरीवर बसायचो. त्या दम खात खात बोलायच्या, मी न थांबता. उठताना त्या म्हणायच्या, "उद्या, इन्शाल्ला." मीही म्हणायला लागले. हे चिडवायचे, "साताऱ्यात गेल्यावर भाजीवाल्याला म्हणशील." म्हणेन की, तुमच्या पोटात का दुखतंय?

जानेवारी सरता सरता आपांचं खाणं कमी झालं. तोंडाला चव नाही म्हणाल्या. मी मऊ भात केला, वर मेतकूट आणि तूप, आणि कडीच्या डब्यातून नेला. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. "आमच्या शेजारच्या काकू द्यायच्या असा," म्हणाल्या. "डबा राहू दे. उद्या देतंय." त्यांचा पांढरा डबा माझ्याकडे होता, खिरीचा, धुऊन ठेवलेला. म्हटलं उद्या दोन्हींची अदलाबदल होईल.

दुसऱ्या दिवशी शेजारचं दार बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. मुलाची गाडी नाही. माझ्याकडे फोन नंबर नाही. हाकेच्या अंतरावरच्या माणसाचा नंबर कशाला घ्यायचा? कॅम्पच्या ऑफिसातल्या माणसाला मोडक्या हिंदीत विचारलं, तर म्हणाला, हॉस्पिटल ले गए. कुठल्या, ते त्यालाही माहीत नाही. मी रोज काही ना काही करायचे. अळूवडी केली, नारळाच्या वड्या केल्या. पांढरा डबा भरायचे, संध्याकाळी आम्हीच खाऊन टाकायचे आणि पुन्हा धुऊन ठेवायचे. मनात एकच, आपा परत यायला हव्यात. देवापुढे दुसरं काही मागत नव्हते. स्वतःच्या मुलाच्या वाटेकडेही मी अशी डोळे लावून बसले नव्हते.

शनिवारी मुलाला म्हटलं, जरा चौकशी कर बाबा. तो म्हणाला, "आई, इथे प्रत्येकाची प्रायव्हसी असते." मी म्हटलं, "तुझी प्रायव्हसी घाल चुलीत. माझं माणूस आहे ते." नात पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी दुपारी शेजारी गाडी थांबली. मी हातातली पळी घेऊनच बाहेर आले. आपांचा मुलगा एकटाच होता. चांगला चाळिशी उलटलेला, दाढी वाढलेली. तो माझ्याकडे आला आणि कडीचा डबा पुढे केला. "आंटी, हा तुमचा. आत होता."

डबा हातात घेतला तर हलका लागला. सवयीने झाकण काढलं. घासून पुसून लख्ख केलेला, आणि रिकामा. आधी मला रागच आला. रिकामा? आपांच्या घरातून? ओठांवर आलं होतं, विचारणार होते की आपांनी काय पाठवलं. मग मी त्याच्याकडे पाहिलं.

आपा असत्या तर डबा असा आला नसता.

"कधी?" मी विचारलं.

"सोमवारी," तो म्हणाला. "श्वासच घेता येईना. इथेच माती दिली." मग म्हणाला, "अम्मी सारखं तुमच्याबद्दलच बोलायची. बाय येईल, बाय येईल, म्हणायची." मी त्याचा हात धरला आणि तिथेच पायरीवर बसले.

ह्यांना एक अक्षर ऐकू आलं नसणार. पण माझ्या मांडीतला उघडा, रिकामा डबा त्यांना दिसला. ते खुर्चीतून उठले, आत गेले. आत बरीच खुडबुड ऐकू आली, काहीतरी सांडलं. साखर कुठे असते हे ह्या माणसाला उभ्या जन्मात माहीत नव्हतं. बाहेर आले ते आपांचा पांढरा डबा घेऊन, काठोकाठ साखर भरलेला. बाहीला साखर लागलेली. त्यांनी तो त्याच्या हातात ठेवला.

"अंकल, राहू द्या, घरी आता कोण—"

"ने," हे म्हणाले. "रिकामा नाही द्यायचा."

त्याने डबा छातीशी धरला आणि तसाच गाडीत जाऊन बसला. बराच वेळ गाडी सुरू झाली नाही. मग गेली.

हे माझ्याशेजारी पायरीवर बसले, आपा बसायच्या त्या जागेवर. समोर जहाजं होती, पण त्यांनी मोजली नाहीत. मग विचारलं, "आज वार कुठला गं?"

"गुरुवार," मी म्हटलं.

"काय?"

"गुरुवार!" मी ओरडले, शेजारपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. शेजारून कुणी हसलं नाही.