स्वयंपाकघरात खाल्लं

"तुझ्या त्या पथ्यापायी आज माझी बायको यंत्रात गेली असती," चांगबे म्हणाला. "हात गेला असता, हात. मग बसली असतीस जन्मभर तिला भरवत."

"पथ्य माझं नाही, डॉक्टरांचं आहे," मीसुक म्हणाली. "आणि बाबा, सकाळपासून हेच तुम्ही अख्ख्या बाजाराला ऐकवलंय. समोरच्या सुक्या मासळीवालीनं मला पोस्टात, कामावर फोन केला, म्हणे आईला उपाशी ठेवतेस का गं."

"मग खोटं काय आहे त्यात? तेलवाली बाई, घरात तांदळाचं पोतं, आणि भुकेनं चक्कर येऊन पडली. लोक हसतील नाहीतर काय करतील?"

"लोक हसू देत. मावशीचे डोळे गेले तेव्हा हसले होते का लोक?"

चांगबेनं उगाच खिडकी उघडली आणि पुन्हा लावली.

दोघांच्या मधोमध, खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर गोधडी पांघरून मालसुन पडली होती. बाप-लेक तिच्या अंगावरून भांडत होते, तरी तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. तिचीही तक्रार नव्हती. जीभ अजून साखरपाण्यानं चिकट होती, आणि डोकं आता निवांत झालं होतं.

गुनसानच्या बाजारात तिचं आणि चांगबेचं तेलाचं दुकान होतं. माणसं घरचे तीळ घेऊन यायची, ते भाजून, दाबून तेल काढून न्यायची. आपल्या तिळात दुसऱ्याचे तीळ मिसळू नयेत म्हणून बायका शेवटचा थेंब पडेपर्यंत स्टुलावरून हलायच्या नाहीत. आज सकाळी ओक्गु गावाकडच्या एक बाई बसल्या होत्या. मालसुन नळीखाली बाटली धरायला वाकली आणि जमीन तिच्या पायांखालून हळूच बाजूला सरकली. त्या बाईंनी तीळ सोडून हिला धरलं. बाजारात नंतर सगळ्यांना नवल वाटलं ते त्याचंच.

दवाखाना रस्त्यापलीकडे होता. डॉक्टरांनी बोटातून रक्त काढलं आणि म्हणाले, "साखर तळाला गेलीय. गोळी घेता आणि जेवत नाही का?"

"जेवते की," मालसुन म्हणाली.

थोरली बहीण बुनसुन आंधळी झाली ती वाढलेल्या साखरेनं, मधुमेहानं. तिच्या अंगणातला ताजा कोबी ती हातानं चाचपत होती, ते मालसुननं गेल्या हिवाळ्यात पाहिलं आणि घरी येऊन आपणहून रक्त तपासून घेतलं. तिलाही साखर निघाली. गोळी घ्या, वजन उतरवा, डॉक्टर म्हणाले. गेल्या आठवड्यात पथ्य सुरू करताना मीसुकनं नीट विचारून घेतलं होतं: दर जेवणाला अर्धं भांडं भात, मासा किंवा टोफू, भाजी हवी तेवढी. सुरुवातीला डोकं जड होईल, चिडचिड होईल, मग शरीर सरावेल. यात उपाशी मरण्यासारखं काही नव्हतं. मीसुकचं तेच तर म्हणणं होतं.

पण मालसुनचं शरीर सरावत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी कपाळावर पट्टा आवळल्यासारखं दुखायला लागलं. बोटं गार पडली. दुपारी भाजक्या तिळांचा वास आला की यंत्राचा आवाज लांब, डोंगरापलीकडून आल्यासारखा वाटायचा. ती कुणाला काही बोलली नाही. पेल्यात खारट सोया सॉस ओतायची, वर पाणी घालायची आणि पिऊन टाकायची. क्षणभर डोकं जागेवर यायचं. हा उपाय तिला नव्यानं शिकावा लागला नव्हता.

खरं सांगायचं तर, ते बरं न वाटणं तिला अनोळखी नव्हतंच. पहिल्यांदा डोळ्यांपुढे काजवे चमकले तेव्हा ती घाबरली नाही. तिला वाटलं, अरे, हे तर ते.

तिच्या लहानपणी, बुआनच्या गावात, वसंतात जुनं भात संपायचं आणि शेतातलं जव अजून हिरवंच असायचं. त्या दिवसांना सगळे जवाचा घाट म्हणत. घाट चढायचा, पलीकडे उतरलो तर जगलो. आई पहाटे बांधावरून रानपाला खुडून आणायची आणि मूठभर कण्या टाकून त्याची पेज करायची. पेज इतकी पातळ की भांड्यात छताचं आढं दिसायचं. कडू वास, हिरवा वास. दोघी बहिणी दाराशी उन्हात बसून राहायच्या, कारण खेळलं की भूक लागते. आई मागून येऊन दोघींच्या डोक्यावर हात ठेवायची. हात ओला असायचा. "चक्कर आली की डोळे मिटायचे नाहीत," ती सांगायची, "लांबचं झाड बघायचं." आणि पेल्यात खारपाणी द्यायची.

चाळीस वर्षांत मालसुनला आईचा आवाज इतका स्वच्छ ऐकू आला नव्हता. चेहरा तर कधीच पुसट झाला होता, फोटो एकही नाही. आणि आता भर बाजारात, तिळाच्या धुरात, कपाळ ठणकत असताना आई येऊन उभी राहायची. परकराचा ओचा खोचलेला, बोटं पाल्यानं हिरवी. थोडं खाल्लं की ती जायची. म्हणून मालसुन खायला जरा उशीरच करायची. हे काही ठरवून नव्हतं. पण तसं व्हायचं.

संध्याकाळी मीसुकनं जेवणाचं बुटकं टेबल उचलून आत आणलं. सार, आंबवलेल्या कोबीची किमची, भाजलेला मासा, चार भांडी भात. मालसुनच्या सासूबाईंना भिंतीला टेकवून बसवलं. त्या ऐंशीच्या पुढे होत्या, ऐकू कमी यायचं, पण बघायच्या सगळं. घरात पहिलं भांडं त्यांचं, पहिला घास त्यांचा. त्यांनी चमचा उचलल्याशिवाय दुसऱ्याचा चमचा उचलला जायचा नाही.

भांडण टेबलावरही चालूच होतं.

"उद्यापासून ती पोटभर जेवणार," चांगबे म्हणाला. "माझ्या घरात."

"आणि डोळे गेले की तेल तुम्ही गाळणार का?"

"अर्ध्या भांड्यावर माणूस जगतं का?"

"जगतं. डॉक्टर स्वतः सांगतात, अर्ध्या भांड्यानं चक्कर येत नाही. मलाच कळत नाहीये आईला का आली."

सासूबाईंनी चमचा उचलला होता, तो खाली ठेवला. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

मीसुकनं त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "आजी, आईला कमी जेवून चक्कर आली."

"कमी?" म्हातारी म्हणाली. "आठवडाभर माझं भांडं भरभरून येतंय. आधी वाढते, मग आपल्यातला उचलून आणखी टाकते. मला वाटलं, डॉक्टरनं माझं काहीतरी सांगितलं असेल. आता जाणार म्हणून लाड चाललेत म्हातारीचे."

चांगबेनं आपल्या भांड्याकडे पाहिलं. मग माशाकडे. गेले काही दिवस माशाची पाठ, जिथे मांस जास्त, ती रोज त्याच्याच बाजूला यायची.

"मीसुकच्या आई," तो हळू म्हणाला, "मासा खातेस ना तू?"

"खाते."

"कधी?"

"अहो, जेवा ना. गार होतंय."

मीसुकनं आईचं भांडं आपल्याकडे ओढलं. अर्धं वाढलेलं भांडं. आत्ता, सगळे बघत असताना, त्यातला एक चमचा सासूबाईंकडे गेला होता आणि दुसरा मीसुककडे. तळाशी दोन घास उरले होते. मीसुकनं स्वतःच्या भातावरचा तो ढीग पाहिला, आणि तिचा आवाज बदलला.

"आई, मी मोजून दिलं तेच मुळात अर्धं. त्यातलं तू वाटून टाकतेस? गोळी मात्र अख्खी?"

"हात जातो गं. भरलं भांडं असायचं तेव्हाही जायचा. तेव्हा उरायचं, म्हणून कळलं नाही."

"मग तू खाल्लंस काय इतके दिवस?"

"खाल्लं की," मालसुन म्हणाली. "स्वयंपाकघरात खाल्लं."

वाक्य तोंडातून गेलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. आवाज तिचा नव्हता. अगदी तोच उतार, तोच शेवटचा किंचित हसरा सूर. पेज वाढून झाली की रिकाम्या मडक्यात पाणी घालून ते खळबळत आई म्हणायची, मी खाल्लं, आत खाल्लं, तुम्ही खा. मुली खायच्या. त्यांना ते खरंच वाटायचं, कारण त्यांना ते खरं हवं होतं.

पुढचं मालसुनला आठवायचं नव्हतं. बाजारात येणारी आई ओचा खोचलेली, चपळ आई होती. पण आणखी एक आई होती, शेवटच्या वसंतातली. तिचा चेहरा भरला होता, पावलं गुबगुबीत झाली होती, पायतणात मावत नव्हती. विहिरीवरच्या बायका म्हणाल्या होत्या, तुझी आई अंगानं सुटली हो, लपूनछपून खाते वाटतं. अकरा वर्षांच्या मालसुनला तेव्हा आनंद झाला होता. ती पळत घरी येऊन आईला म्हणाली होती, आई, सगळ्या म्हणतात तू जाड झालीस. आई हसली होती. मांस नव्हतं ते, उपासाची सूज होती; नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. जव पिवळं व्हायला लागलं होतं, कापणीला थोडेच दिवस होते, तेव्हा ती गेली.

चाळीस वर्षं मालसुन अभिमानानं सांगत आली होती की माझी आई आम्हाला भरवून मग जेवायची. जेवायची की नाही, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

"रडतेस कशाला?" चांगबे म्हणाला. "मी कुठे ओरडलो तुझ्यावर?"

"सार तिखट झालंय," मालसुन म्हणाली.

"आई, मी उद्यापासून तुझ्यासमोर बसेन," मीसुक भांडं परत तिच्यापुढे सरकवत म्हणाली. "हलणार नाही तू संपवेपर्यंत."

"त्या तीळवाल्या बायकांसारखी?" चांगबे म्हणाला.

"बस बाई, बस," सासूबाई म्हणाल्या. काय ठरतंय ते त्यांना कळलं नव्हतं, पण काहीतरी बरं चाललंय एवढं दिसत होतं. त्यांनी आपल्या भांड्यातला भाताचा एक मोठा गोळा चमच्यावर घेतला, हात टेबलावरून पुढे आणला आणि सुनेच्या भांड्यात टाकला. "घे. इतकं मला जात नाही. चारदा वाळवून मांजराला घातलं."

मालसुननं तो भात पाहिला. मग मीसुकसमोरचा ढीगही परत घेतला, दोन्ही मिळून चमच्याच्या पाठीनं सारखं केलं. अर्धं भांडं झालं. ती मान खाली घालून खाऊ लागली, सावकाश, चावून. कपाळाचा पट्टा सैल होत गेला. लांबचे आवाज जवळ आले: गल्लीतली सायकल, शेजारचा टीव्ही, चांगबेचं सार ओरपणं. त्यांच्याबरोबर हिरवा वास विरत गेला, ओला हात डोक्यावरून उचलला गेला. हे होणार हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं भांडं संपवलं, तळाला चिकटलेलं शीतसुद्धा.

मग तिनं चमचा टेबलावर आडवा ठेवला.

"उद्यापासून भात आधी मी माझा वाढणार," ती म्हणाली. "अर्धं भांडं. आईंच्या आधी, तुमच्या आधी, मीसुकच्या आधी. मी इथं सगळ्यांदेखत जेवीन आणि माझं संपल्यावर तुम्हाला वाढीन. तोवर ज्याला घाई असेल त्यानं स्वतः उठून घ्यावं."