पावडर मारलेला कॅरम

परळची चाळ पाडली. बाबांचा कॅरमचा जोडीदार बोरिवलीला मुलाकडे गेला आणि आम्ही मुलुंडला आलो. नकाशात दोन्ही उपनगरंच, पण ज्या दोघांचे मिळून चारही गुडघे बिघडलेत त्यांच्यासाठी ते दोन वेगळे देश. चाळीत दिवसभर घसा फोडणारे बाबा इथे आल्यावर गॅलरीत गप्प बसून राहायला लागले. त्या गप्पपणाची मला भीती वाटायची.

मी अंधेरीच्या एका ऑफिसात प्रोग्रॅमर. पगार कंटाळवाण्या हिशेबी सॉफ्टवेअरचा, हौस मात्र गेम बनवायची. इंटरनेटवर मला एक ओपन-सोर्स कॅरम सापडला. परदेशातल्या कुणीतरी फुकट वाटलेला, आतला कोडही उघडा, ज्याला हवा त्याने बदलावा. ज्या इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, तो केला होता तेही फुकट.

"फुकट देतत म्हणजे कायतरी भानगड आसतली," बाबा म्हणाले.

दोन घरांतून खेळता येईल अशी सोय मी त्यात घातली आणि दोन्हीकडे टॅबलेट लावून दिले. पहिल्याच फटक्याला शेरा आला, "पावडर मारूक नाय गो तू बोर्डार." कोडमध्ये घर्षणाचा एक आकडा असतो, तो मी उतरवला. अजून उतरव. अजून. शेवटी स्ट्रायकर मनासारखा सुटायला लागला. रीतीप्रमाणे हा बदल मी मूळ कर्त्याला पाठवला. त्याने विचारलं, आकडा इतका कमी का? मी लिहिलं, वडील म्हणतात. त्याने मुकाट्याने घेतला. बाबांचा शब्द परदेशातही चालतो.

पण लवकरच दोघेही कुरकुरायला लागले. फाऊल झाला की गेम लगेच फाऊल देतो, सोंगट्या मोजतो, विषय संपवतो. भांडायला जागाच ठेवत नाही. चाळीत यांचा डाव म्हणजे पाव खेळ आणि पाऊण भांडण. राणीवरून, म्हणजे तिच्या मागोमाग दुसरी सोंगटी घालून कव्हर झालं की नाही यावरून, तर बाबांनी सख्ख्या मेव्हण्याशी अबोला धरला होता. राणी दुसऱ्याला सोडणं त्यांच्या रक्तातच नाही. मग दोघांनी स्वतःच तोड काढली. गेमच्या शेजारी फोन, तोही स्पीकरवर. गेमने निकाल द्यायचा, यांनी तो अमान्य करायचा. आमच्या अख्ख्या मजल्याला बोरिवलीचा स्कोअर कळायला लागला.

गेल्या महिन्यात मी इंजिनची नवी आवृत्ती टाकली आणि गेमची वाट लागली. उघडेचना. ऑफिसच्या धबडग्यात मला रविवारपर्यंत पत्ताच नव्हता. पावडर कमी पडलेली ज्यांना कळते, त्यांची तक्रार कशी आली नाही? दुरुस्ती करून बाहेरच्या खोलीत आले, तर टॅबलेट बंद पडलेला आणि बाबा डोळे मिटून फोनवर, "काळी मारलंय, उजव्या भोकात. गेली!"

पलीकडून बोरिवलीचे काका, बाबांचे जोडीदार, ओरडले, "खंय गेली? कडेक लागान थांबली!"

इतके दिवस दोघे बोर्डाशिवायच खेळत होते.

"कोण जिंकतंय?" मी विचारलं.

बाबांनी फोनवर हात ठेवला. "तो. राणी पण त्येकाच दिलंय." मग आणखी हळू म्हणाले, "ताप इलो हा त्येका."

आणि हात काढून खच्चून ओरडले, "कव्हर खंय झाला रे? लबाड!"