सहीपुरता माणूस

खराडीतल्या आमच्या कंपनीत सॉफ्टवेअरच्या रचनेत बदल करायचा म्हणजे प्रस्ताव समितीपुढे जायचा आणि तीन आठवडे तिथेच पडून राहायचा. घाई असेल तर एखाद्या ज्येष्ठाने त्यावर सही करायची आणि स्वतःच्या जबाबदारीवर तो लगेच मांडायचा. बाकीच्या ज्येष्ठांना अशा वेळी नेमकी मीटिंग निघे. आमच्या विभागातले एक ज्येष्ठ मात्र खिडकीजवळच्या जागेवर हमखास सापडत.

आलेला प्रस्ताव ते कागदावर छापून घेत, हातात पेन्सिल धरून वाचत आणि एकच विचारत, "हे बंद पडलं तर फोन कोणाला करायचा?" मग उत्तराची वाट न पाहता तिथे स्वतःचा नंबर लिहीत.

माझ्या प्रस्तावात त्यांनी एका ओळीभोवती वर्तुळ काढलं होतं. "एवढं नीट करून घ्या," म्हणाले होते. मी घाईत विसरलो. समितीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. मी समोरची पानं चाळू लागलो.

"माझ्या नजरेतून सुटलं," ते शांतपणे म्हणाले. "संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देतो."

प्रस्ताव मंजूर झाला. आम्ही सगळे खाली चहाला गेलो. कप अर्धा झाल्यावर माझ्या लक्षात आलं, त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. मी त्यांना न्यायला वर आलो. डबा तसाच उघडा ठेवून ते माझी चूक दुरुस्त करत बसले होते. मला पाहताच त्यांनी डबा बाजूला सारला आणि खिशातलं पेन काढलं.

"द्या. कुठे करायची सही?"